माझा दगड, विहीणबाई

विहीणबाई, तुमचं पहिलं थंडरएग मी नारळासारखं आपटून फोडलं, हे आज लेखी कबूल करते. इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगत आले की ते माझ्या हातातून निसटलं. निसटलं-बिसटलं काही नव्हतं. तुम्ही पाणी प्यायला गाडीपाशी गेला होतात. जाताना तो चिखलाने माखलेला गोळा, दोन मिनिटं धरा, म्हणून माझ्या हातात दिलात. मी तो डोक्याच्या वर नेला, मनातल्या मनात मोरया म्हटलं आणि समोरच्या खडकावर हाणला. माझा विचार अगदी सरळ होता. शुभकार्याची सुरुवात आहे, नारळ वाढवायला हवा, आणि ओरेगनच्या जंगलात नारळ कुठून आणणार. शिवाय आत काय आहे तेही कळेल.

आत काय होतं ते कोणालाच कळलं नाही, कारण त्याची खडी झाली.

त्या वेळची ती बाई आज मला रस्त्यात भेटली तर मी ओळख दाखवणार नाही. जंगलात खणायला जायचं आणि ही पांढरी पँट घालून आलेली. फोटोसाठी घेतलेली रुंद कडांची टोपी, ओठांना लिपस्टिक, खांद्याला पर्स, आणि पर्समध्ये, कशाला कोण जाणे, घराचं जास्तीचं कुलूप. अठ्ठावन्न वर्षांची घोडी, सगळं आपल्याला कळतं अशा थाटात उभी. तुम्ही परत आलात. तुकड्यांकडे पाहिलंत, माझ्याकडे पाहिलंत, पुन्हा तुकड्यांकडे पाहिलंत.

"सुमनताई," तुम्ही म्हणालात, "ते करवतीने कापायचं असतं."

पुढचे दोन दिवस तुमचं माझ्याशी बोलणं म्हणजे 'मीठ द्या' आणि 'दार लावा'. तुम्ही भांडला असतात तर मी निभावून नेलं असतं. भांडणात मला आजवर कोणी हरवलेलं नाही. पण तुम्ही गप्प बसायचात. तुमचं ते गप्प बसणं मला कधीच झेपलं नाही. आणि आताही तेच केलंत. दुपारचा चहा प्यायलात, जरा पडते म्हणालात, आणि गप्प. आपला वाद अर्ध्यावर टाकून. याला काही रीत आहे का, सांगा.

आपण ओरेगनला एकत्र पोचलो ती आपल्या नातीची, ईराची करामत. तुमच्या निखिलला कंपनीने सिंगापूरहून वर्षभरासाठी तिकडे पाठवलं होतं, आणि माझी मानसी तिथेच बाळंत झाली. बाळाच्या आईला झोप मिळावी म्हणून दोन्ही आज्यांना बोलावून घेतलं. मग दोन्ही आज्यांपासून बाळाच्या आईला झोप मिळावी म्हणून निखिल दर शनिवारी आपल्या दोघींना गाडीत घालून जंगलात नेऊन सोडायला लागला. बाळाला तेल कोणतं लावायचं, झबलं आतून घालायचं की बाहेरून, डिंकाचे लाडू कोणी करायचे. त्या एवढ्याशा घरात आपण दोघींनी एकमेकींना 'अहो विहीणबाई' म्हणून जितक्या गोड आवाजात टोमणे मारले, तितके टोमणे माझ्या सासूबाईंनीही आयुष्यभरात मारले नसतील. त्यामुळे जंगल ही कल्पना सगळ्यांनाच पटली.

जंगल सरकारी होतं. कोणीही यावं, आपल्या हाताने खणावं, आपल्यापुरतं न्यावं. यंत्र आणायचं नाही, न्यायचं ते विकायचं नाही आणि खणलेला खड्डा बुजवायचा. हे नियम मला तोंडपाठ आहेत, कारण तुम्ही ते गाडीत बसल्यापासून मला म्हणून दाखवायचात. पांढुरक्या, राखेसारख्या मातीत ते गोळे असायचे. बाहेरून अगदी बेलफळ, तपकिरी आणि ओबडधोबड. कापला की आत अकीक, कधी निळसर, कधी चांदणीच्या आकाराचा. तिथले लोक त्याला थंडरएग म्हणायचे. तुम्ही त्याचं 'गडगडाटाचं अंडं' केलंत आणि मी विचारलं, उपासाला चालतं का. तुम्ही हसला नाहीत. दगडांवर विनोद तुम्हाला चालायचा नाही.

तुमचं हे दगडाचं वेड नाशिकचं. लहानपणी तिकडे विहिरींना सुरुंग लागले की तुम्ही शाळा बुडवून पळायचात. उडालेल्या दगडांत पोकळ गोळे निघायचे आणि त्यांच्या पोटात पांढरे, हिरवट स्फटिक. बाकीच्या मुली चिंचा गोळा करायच्या, तुम्ही गारगोट्या. हे तुम्ही मला फावडं मारता मारता सांगितलंत. आधी नुसती पोकळी असते, म्हणालात, मग वर्षानुवर्षं पाणी झिरपतं, येताना काहीतरी घेऊन येतं, आणि पोकळी भरत जाते. मी म्हटलं, आमच्याकडे पाणी झिरपलं की वरच्या मजल्यावरच्याशी भांडण होतं. तुम्ही तेव्हाही हसला नाहीत.

आणि ते खड्डे. दुपारपर्यंत माझी कंबर गेलेली असायची. मी कुदळ टाकून गाडीकडे निघाले की मागून हाक यायची, "सुमनताई, खड्डा." जंगल केवढं, आपण केवढ्या, आपल्या वीतभर खड्ड्याने त्या जंगलाचं काय बिघडणार होतं? पण मी परत यायचे आणि पायाने माती लोटायचे. तुम्ही म्हणायचात, "पायाने नाही." मग मी हाताने लोटायचे. पांढरी पँट मी ओरेगनलाच टाकून दिली, ती धुण्याच्या पलीकडे गेली होती.

आता माझ्या दगडाचं.

तो मी स्वतः काढला, यात वाद नाही. आपलं बोलणं पुन्हा सुरू झालं त्यानंतरचा शनिवार होता. मी एका कडेला बसून खणल्यासारखं करत होते आणि कुदळीचं टोक एका गोळ्यावर बसलं. त्याच्या अंगावर पांढरी खूण उमटली, चोच मारल्यासारखी. मी तो उकरून काढला, ओढणीने पुसला आणि तुमच्यापुढे नेऊन धरला. हे आपटणार नाही, म्हटलं, शपथ. तुम्ही तो तळहातावर तोललात. नखाने टकटक केलंत. कानाशी नेलात, डोळे मिटलेत, आणि किती वेळ तशाच उभ्या राहिलात. मी वाट बघत होते. मग डोळे उघडून म्हणालात, "हा कापायचा नाही."

"का?"

"नाही म्हणजे नाही."

"आत काही नाहीये का?"

"तसं मी कुठे म्हटलं?"

"मग आहे?"

"तसंही म्हटलं नाही."

आणि तो तुमच्या पिशवीत गेला. माझ्या पिशवीत नाही, तुमच्या. मी फोडेन म्हणून. आधीचा गुन्हा डोक्यावर होता, त्यामुळे मला बोलताही येईना. पुढच्या आठवड्यात आपण गावातल्या त्या दगड कापणाऱ्याच्या दुकानात गेलो. तुमचे सगळे गोळे करवतीखाली गेले आणि एकेक उघडला. एकात तर धुक्यातून तारा दिसावा तसं काही होतं, तुम्ही तो ओला असतानाच पदराने पुसलात. माझा तेवढा पिशवीत बसून. लग्नाच्या मांडवात आणून मुलीला बाहेर उभं करावं तसा.

परतताना बॅगेचं वजन झालं. तुम्ही माझ्या बॅगेतून लोकरीचे कपडे काढलेत आणि दगड भरलेत. सिंगापूरला लोकर कशाला, असा तुमचा सवाल. बरोबर होता, म्हणून जास्त राग आला.

मग इथे वर्षं गेली. ईरा बोलायला लागली तशी तिने आपली वाटणी करून टाकली. तुम्ही आंग मो किओला मुलाकडे, म्हणून 'एएमके आज्जी'. मी माझ्या जुन्या फ्लॅटमध्ये, म्हणून 'क्वीन्सटाउन आज्जी'. दर रविवारी मी तुमच्याकडे जेवायला यायचे आणि दर रविवारी, ताक पिऊन झालं की, विचारायचे, "माझा दगड कुठाय?" तुम्ही म्हणायचात, "आहे पलंगाखाली, खोक्यात." मी म्हणायचे, "द्या." तुम्ही म्हणायचात, "अजून ताक घ्या."

लोकांना वाटतं सिंगापुरात दगडाचा नाद लागलेल्या बाईचे हाल होत असतील. इथे उचलायला काही नाही. रस्त्यावर एखादा खडा दिसलाच तर तोही कोणीतरी मोजूनमापून तिथे ठेवलेला असतो. आणि बागेत, जंगलात काहीही उचलायला बंदी. तरी तुम्ही दर महिन्याला मला बुकित तिमाहच्या जुन्या खाणीपाशी न्यायचात आणि ग्रॅनाइटच्या त्या उभ्या भिंतीकडे तास तास नुसत्या बघत बसायचात. मला त्या उन्हात काय मिळायचं? घाम. एकदा मी वाटेतला एक गुलाबीसर खडा गपकन पर्समध्ये टाकला. बसमध्ये बसल्यावर तुम्हाला दाखवला. मला वाटलं तुम्ही खूश व्हाल.

तुम्ही बसची घंटी दाबलीत.

"अहो, एवढासा खडा आहे."

"इथून उचलायचा नसतो."

"आणि ओरेगनहून माझ्या बॅगेत भरून आणलेत ते?"

"तिथे उचलायची परवानगी होती."

आपण उतरलो, उलट दिशेची बस घेतली, तो चढ पुन्हा चढलो. मी खडा खाली टाकला. "तिथे नव्हता," तुम्ही म्हणालात, "त्या झाडाखाली होता." मी तो त्या झाडाखाली नेऊन ठेवला. एक माकड बघत होतं, त्यालाही माझी कीव आली असावी. मग तुम्ही मला हॉकर सेंटरमधल्या एका टपरीवर नेऊन कोपी, म्हणजे इथली कॉफी, पाजलीत, जास्त दुधाची, मला आवडते तशी, आणि त्या खड्याचा विषय पुन्हा आयुष्यात काढला नाहीत. तुमचं हेच मला समजायचं नाही. शिक्षा पूर्ण करून घ्यायची आणि मग लगेच कोपी.

शेवटी मी माझ्याकडून हालचाल केली. तुमच्याच आंग मो किओच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एक चिनी अंकल सापडला, जेड कापणारा. मी त्याला जाऊन भेटले. दगड बरोबर नव्हता, पण बोलून ठेवावं म्हटलं.

"इनसाइड गॉट व्हॉट?" त्याने विचारलं.

"नॉट कट येट," मी म्हटलं, "हाउ टू नो?"

तो हसला. "ओके, कॅन. बट कट ऑलरेडी कॅनॉट अनकट, हां आंटी. आफ्टर यू क्राय, नॉट माय प्रॉब्लेम."

मी त्या रविवारी तुमच्यासमोर जाहीर केलं की माणूस ठरला आहे, दगड काढा. मानसी ताटं उचलत होती, तिने डोळ्यांनी मला खुणावलं की आता पुरे. तुम्ही शांतपणे हात धुतलेत, पुसलेत आणि म्हणालात, "मी गेल्यावर न्या. मग कापा, नाहीतर त्याचा वरवंटा करा. तुमचा तुम्हाला."

"लेखी द्या."

"शब्द दिला."

तुमचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ, हे मला माहीत होतं. म्हणून मी लेखीचा हट्ट सोडला. मला वाटलं, आपण दोघी नव्वदीपर्यंत आहोत, घाई काय आहे. ही या गोष्टीतली माझी दुसरी मूर्ख चूक, पण हिचं हसू येत नाही.

तुम्ही गेलात त्या दिवशी निखिलला गुरुजींचा फोन आला. गुरुजी म्हणजे बँकेत आयटीत असतात, रजा टाकून येणार होते. त्यांनी काय काय लागेल ते सांगितलं आणि शेवटी म्हणाले, एक दगड लागेल, मुठीत मावेल असा. अश्मा. मला ऐकून माहीत होतं, कधी नीट पाहिलं नव्हतं. त्या दगडाने पाण्याच्या मडक्याला भोक पाडायचं, आणि त्यानंतर दहा दिवस तो दगड म्हणजेच गेलेलं माणूस. रोज त्याच्यावर तीळ आणि पाणी द्यायचं, दहाव्याला तो पाण्यात सोडायचा. मधे तो हरवायचा नाही, बदलायचा नाही. आपल्याकडे स्मशानाच्या वाटेवर दगडांना काय तोटा, वाकून एक उचलायचा. इथे मंदाईच्या स्मशानात फरशी इतकी लखलखीत की तिच्यात माणसाला आपलं तोंड दिसतं. म्हणून गुरुजींनी घरूनच आणा म्हणून सांगितलं.

निखिलने मडकं खांद्यावर घेतलं. खिशातून दगड काढला. त्याच्या अंगावर पांढरी खूण होती, चोच मारल्यासारखी.

विहीणबाई, माझ्या तोंडून तिथे शब्द फुटणार होता. अरे, तो नको, तो माझा आहे. तुमच्या घरात कमी दगड होते का? पलंगाखाली खोकं भरून दगड, आणि या पोराला माझाच दिसावा? गुरुजी खाली बादली धरून उभे होते, फरशी ओली होऊ नये म्हणून. निखिलने मागे हात नेऊन ठोका मारला, माझ्या दगडाने, आणि पाण्याची धार बादलीत पडायला लागली. त्या आवाजात मी गप्प राहिले. तुमच्याकडून एवढं तरी शिकले म्हणायचं.

बाहेर आल्यावर मी गुरुजींना हळूच विचारलं, मला काय काय पाळायचं आहे. ते चपला घालत होते. म्हणाले, "तुम्ही विहीण ना? विहिणीला सुतक नसतं काकू. आंघोळ केलीत की झालं."

आंघोळ केली की झालं. तीस वर्षांपूर्वी नवऱ्याच्या नोकरीपायी या शहरात आले, तेरा वर्षांपूर्वी तो गेला, आणि त्यानंतर मी रोज कोणाशी भांडत होते? तुमच्याशी. सकाळी उठल्यावर फोन कोणाला? तुम्हाला, चतुर्थी आजच आहे ना म्हणून विचारायला, जी तुम्हाला माझ्याहून चांगली माहीत असायची. आणि शास्त्रात मी तुमची कोणी नाही. तुमची भांडी मानसीकडे जातील, साड्या तुमच्या बहिणीकडे, बांगड्या ईराच्या लग्नासाठी ठेवतील. ते सगळं योग्यच आहे. माझ्यासाठी तुम्ही एकच गोष्ट बोलून ठेवली होती, आणि ती दहाव्या दिवशी समुद्रात जाणार होती. मग कापणार काय? कप्पाळ?

त्या दहा दिवसांत तुम्ही कुठे होतात ते सांगते. फ्लॅटमध्ये अश्मा घराबाहेर ठेवायला जागा कुठली. मानसीने स्वयंपाकघरामागच्या यार्डात, वॉशिंग मशीनवर, पितळी वाटीत तुम्हाला बसवलं. मशीन बंद. कपड्यांचा ढीग वाढत चाललेला. मी एकदा सवयीने मशीनचं बटण दाबायला गेले तर ईरा ओरडली, "डोन्ट लाह, आज्जी इज ऑन टॉप." तुम्ही जिवंत असताना कोणाला कपडे धुण्यापासून कधी अडवलं नव्हतंत. गेल्यावर सगळ्या घराला पारोसं ठेवलंत.

नवव्या दिवशी दुपारी मी ठरवून आले. निखिल उद्याच्या बोटीचं बघायला गेला होता, मानसी आतल्या खोलीत ऑफिसच्या कॉलवर. मी तुमच्या खोलीत शिरले. आपली बैठक नेहमी हॉलमध्ये, तुमच्या खोलीत मी दाराच्या आत फारशी कधी आलेच नव्हते. गुडघे दुखेपर्यंत वाकून पलंगाखालचं खोकं ओढलं. त्याच्यावरची टेप इतकी जुनी झाली होती की ओढता ओढता तिचा भुगा झाला. आत कापलेल्या जोड्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, आणि तळाशी दोन-चार न कापलेले, किरकोळ. त्यातला एक माझ्या दगडाएवढा होता. मी तो पदराखाली घेतला आणि यार्डात गेले.

हो, बदलणार होते. दहा दिवस बदलायचा नाही म्हणतात, पण नवव्या दिवशी दुपारी कोण बघतंय? तुम्हीच शब्द दिला होतात. मी फक्त वसुली करत होते.

मी वाटीतून माझा दगड उचलला. ओला होता, अंगाला तीळ चिकटलेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो माझ्या हातात पुरता आला होता. खुणेवर अंगठा बरोबर बसत होता.

"आज्जी, व्हॉट आर यू डुइंग?"

ईरा दारात, हातात मायलोचा कप. अंगाने उंच झाली आहे, पण चालते अजून मांजरीसारखी.

"वाटी धुते आहे," मी म्हटलं.

तिने माझ्या एका हाताकडे पाहिलं, मग दुसऱ्या हाताकडे. "यू आर चेंजिंग एएमके आज्जी?"

"हा दगड माझा आहे, ईरा. मी खणलेला. तू तेव्हा झोळीत होतीस."

"ओके," ती म्हणाली. मायलो प्यायली. "बट बाबा टॉक्स टु इट, यू नो. सकाळी. ही थिंक्स वी आर स्लीपिंग."

"काय बोलतो?"

"ऑफिस स्टफ. काल म्हणत होता की आई, माझा बॉस वेडा आहे." तिने खांदे उडवले. "देन ही क्राय अ बिट. देन ही गो टु वर्क."

विहीणबाई, तुमचा मुलगा तुमच्यासारखाच. मंदाईला सगळे रडले, हा नाही. गुरुजी सांगतील ते केलं, लोकांना पाणी दिलं, पार्किंगचं बघितलं. मी मानसीला म्हटलंसुद्धा होतं की तुझा नवरा दगड आहे. आणि हा रोज सकाळी वॉशिंग मशीनपाशी उभा राहून तुम्हाला बॉसच्या तक्रारी सांगत होता.

ईरा गेली. तिने कोणाला काही सांगितलं नाही, ती मुलगी चांगली आहे. मी तिथेच उभी. दगड तळहातावर तोलला. नखाने टकटक केली. कानाशी नेला, डोळे मिटले, तुम्ही केलं होतं तसंच सगळं. काही ऐकू आलं नाही. वरच्या मजल्यावर कोणीतरी खुर्ची सरकवली, तेवढंच. तुम्हाला तरी त्या दिवशी काही कळलं होतं का, की नुसतं नाटक? माझी नाना तऱ्हेची मतं होऊन गेली आहेत. एक म्हणजे, तुम्ही मला नारळाची शिक्षा दिलीत, जन्मठेपेची. दुसरं म्हणजे, आत नुसता गाळ आहे हे तुम्हाला कळलं होतं आणि माझी फजिती तुम्हाला बघवणार नव्हती. हे दुसरं मत मी कधी मोठ्याने बोलले नाही, कारण ते खरं निघालं असतं तर मला तुमचे आभार मानावे लागले असते. विचारलं असतं तर तुम्ही सांगितलं असतंत का? मी 'द्या' म्हणाले, 'कापू' म्हणाले, 'लेखी द्या' म्हणाले. 'का' म्हणून एकदाच विचारलं, तेही त्या जंगलात. पुढे रविवारवर रविवार गेले आणि तो एक प्रश्न मी पुन्हा विचारला नाही. ताक मात्र सगळं प्यायले.

मी दगड वाटीत ठेवला. सुटलेले तीळ त्याच्यावर पुन्हा टाकले. दुसरा दगड खोक्यात ठेवला आणि नवीन टेप लावली. आतून मानसी विचारत होती, "आई, चहा टाकू?" मी म्हटलं, टाक.

दहाव्याला आपण चांगीहून बोटीने गेलो. 'आपण' म्हणते आहे, कारण तुम्ही होतात, निखिलच्या मांडीवर, पांढऱ्या फडक्यात. रक्षा वेगळ्या कलशात. समुद्रात मालवाहू जहाजं रांगेत उभी, एखाद्या ऑफिसात नंबरची वाट बघत बसल्यासारखी. मला बोट लागते हे तुम्हाला माहीत आहे. मी आल्याची वडी चघळत, डोळे मिटून बसले होते. गुरुजींचं म्हणून झालं. निखिल उठला, कडेला गेला, रक्षा सोडली, आणि मग फडकं सोडून दगड दोन्ही हातांत घेतला. त्याने तो टाकला नाही. पोटावर आडवा होऊन, मानसीने मागून त्याचा पट्टा धरलेला, हात कोपरापर्यंत पाण्यात नेऊन सोडला. रक्षा बराच वेळ पाण्यावर राहिली. दगड लगेच गेला. पांढरी खूण एकदा दिसली आणि नाही.

मी हात जोडले. मनात म्हटलं, झालं तुमच्या मनासारखं. कापला नाही तो नाहीच.

माझा हा वैताग अजून गेलेला नाही. जाईल असंही वाटत नाही. काल चतुर्थी होती, सकाळी मी फोनकडे हात नेला. कोणाला विचारू? उठून कॅलेंडर बघितलं, तर छापलेलंच होतं. इतकी वर्षं छापलेलंच असणार. तुम्ही मला हे कधी बोलून दाखवलं नाहीत, याबद्दल आभार मानते. एवढंच, बाकीच्याबद्दल नाही.

पण बोटीवरून उतरल्यावरचं सांगायचं राहिलं. जेटीवर ऊन टळटळीत होतं. गुरुजी टॅक्सी बघत होते, ईरा आणि मानसी पुढे गेल्या होत्या. निखिल माझी पर्स धरून माझ्या चालीने चालत होता. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी मला 'काकू'च म्हणतो, लग्नाआधीची सवय. मला राहवलं नाही. म्हटलं, निखिल, मी हे बोलू नये, पण तो दगड माझा होता. ओरेगनला मी खणून काढलेला. तुझ्या आईने तो मला द्यायचा कबूल केला होता, आणि तू खोकंभर दगडांतून नेमका तोच उचललास.

तो थांबला. त्याची बाही अजून कोपरापर्यंत ओली होती.

"काकू, तो खोक्यात नव्हता कधी. आईच्या उशाशी असायचा. मला वाटलं, तिचाच असणार."